प्रोचेस्सो म्हणजे खटला

शनिवार, ७ मार्च. ओंगार

उद्या इथल्या मराठी मंडळात एका इटालियन राजकीय सिनेमावाल्यावर बोलायचंय. इटालियन मी स्वतःच शिकलो, म्हणून त्याची मुलाखत मुळातून वाचून टिपणात ठसक्यात लिहिलं: चार वर्षं सिनेमा नाही, कारण हा ‘प्रोचेस्सो’त, म्हणजे सर्जनप्रक्रियेत गढलेला.

शेजारच्या इटालियन नर्सला ते ऐकवलं. ती म्हणाली, “प्रोचेस्सो? ती तर कोर्टातली केस!”

मुलाखत पुन्हा वाचली. सिनेमावरून एका मंत्र्यानं त्याच्यावर खटला भरला होता. चार वर्षं माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय आणि मी त्याला चिंतनाला बसवलंय. टिपण सगळ्यांना गेलंसुद्धा.

घरात ही हसली. “अहो, घरात एवढं खटलं सांभाळता, खटला ओळखू आला नाही?”

बोलता बोलता गुपचूप सुधारता येईल. कोणाला कळणार? पण मुलाखतीत होतं: त्यानं सिनेमातला एक प्रसंग कापला असता, तर खटला मागे घेतला जाणार होता. त्यानं कापला नाही.

उद्या चुकीपासूनच सुरुवात.