मार्गशीर्षातली ओली साडी

आई, मला तुझा अजून राग येतो. आज सकाळी खोकला आला म्हणून ओवा भाजून त्याची पुरचुंडी केली आणि छातीला शेक देता देताच चिडले. हे सगळं तूच शिकवलंस ना? पनवेलची थंडी ती काय, पुण्याची माणसं हसतील. पण दिवाळी संपली की तू आम्हाला बंदोबस्तात ठेवायचीस. अंघोळीआधी अंगाला तिळाचं तेल, सकाळी सुंठ-गुळाची गोळी, शाळेत जाताना कानाला रुमाल. मी तो कोपऱ्यावर सोडून दप्तरात कोंबायचे, तर संध्याकाळी नुसते कान चाचपून तुला कळायचं. बाबा म्हणायचे, "आपल्या घरात सर्दीलासुद्धा हिची परवानगी काढून यावं लागतं."

आणि तू स्वतः? मार्गशीर्षातल्या गुरुवारी पहाटे डोक्यावरून गार पाणी आणि मग सोवळ्याची सुती साडी. आदल्या दिवशी धुऊन ती मागच्या पडवीत उंच काठीवर वाळत टाकायची, कुणी हात लावायचा नाही. लावला की पुन्हा पाण्यात. गाढी नदीकडून येणाऱ्या दमट वाऱ्यात ती सकाळपर्यंत धड वाळायची नाही. तशीच नेसून तू तास-दीड तास पूजेला बसायचीस, खोकत. भाजी घेऊन येणारी आगरीण दारातून ओरडायची, "वैनी, देवाला काय ओलं लुगडं लागतं? आमच्या देवाला तर नाय लागत!" तू हसून म्हणायचीस, "तुझा देव तुझ्यासारखा, माझा माझ्यासारखा."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी नववीत. त्या गुरुवारी तुझा खोकला ऐकवेना, म्हणून तू न्हाणीघरात असताना मी ती साडी काठीवरून ओढली आणि तिच्यावर इस्त्री फिरवली. तू बाहेर आलीस तशी शाबासकीची वाट बघत म्हटलं, "आई, बघ, कशी ऊन ऊन केलीय!" तू ओरडलीही नाहीस. "अगं वेडे, हात लावलास ना," एवढंच म्हणालीस, साडी बादलीत बुडवलीस, पिळलीस आणि ओलीच नेसलीस. पाणी ठिबकतं आहे, टाचांपाशी थारोळं झालं आहे, आणि मी मागे मागे फिरते आहे, "आई, आजच्या दिवस दुसरी नेस ना गं." तू पोथी उघडलीस.

रविवारी ताप चढला. डॉक्टरांनी विचारलं, "ओल्या कपड्यांत बसला होतात का?" तू म्हणालीस, "छे हो, कुठे!" आणि माझ्याकडे बघायचं टाळलंस. कुणाला सांभाळत होतीस, मला की तुझ्या सोवळ्याला? बाबा शेजारीच उभे होते. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी हे सगळं बंद पाडलं असतं. मी गप्प बसले. ताप उतरला, पण छातीतली घरघर गेलीच नाही, आणि तिसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने तुला नेलं. घरातल्या प्रत्येकाचे कान झाकणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक कोरडी साडी घेता आली नाही! आता मी तुझ्याहून वयाने मोठी झाले, तरी हे गिळता येत नाही.

एक गोष्ट तुला कधी कळू दिली नाही. त्या आजारपणानंतरच्या दोन्ही मार्गशीर्षांत, दर गुरुवारी, तू अंघोळीला गेलीस की मी साडी उतरवून इस्त्रीने वाळवायचे आणि निवली की पुन्हा काठीवर टाकायचे. "आज बरी वाळली गं," तू म्हणायचीस. "वारा होता," मी म्हणायचे. म्हणजे ते सगळे गुरुवार तू मी हात लावलेल्या साडीत पूजा केलीस. मला तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. उलट जिंकल्यासारखं वाटायचं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. तू गेलीस त्या सकाळी मला ना डॉक्टरांचा प्रश्न आठवला, ना माझं गप्प बसणं. पहिला विचार आला तो हा, की मी हात लावला म्हणून तर हे झालं नाही? माझी लेक असलं काही बोलली तर मी तिला वेड्यात काढीन. तो विचार अजून येतो, आणि दर वेळी मी त्याला ठणकावून नाही म्हणते. आज म्हणता आलं नाही.