माझ्या बाजूचा ब्रेक

प्रिय ठमाबाई,

तुला ऑपरेशनला आत नेऊन चार तास झाले. मी बाहेर बाकावर बसून हे लिहितोय. तुला द्यायची हिंमत काही होणार नाही.

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तू नापास झालीस ती माझ्यामुळे. जन्मभर लोकांना गाडी शिकवणारा तुझा बाप, आणि ऐन परीक्षेत शेजारी बसून मीच माझ्या बाजूचा, शिकवणाऱ्यासाठी असतो तो ब्रेक दाबला. "मांजर आडवं आलं, तुला दिसलं नाही," असं सांगितलं. मांजरबिंजर काही नव्हतं, बाळा. तू छान चालवत होतीस. माझाच पाय मला आवरला नाही. तू मात्र आठवडाभर त्या मांजरासाठी हळहळत होतीस.

मघाशी आपल्या चर्चचे पाळक येऊन म्हणाले, "पोरीला प्रभूच्या हाती सोपवा." मी म्हटलं, "सोपवली." ते माझ्या पायाकडे बघत राहिले. तो फरशीवर गच्च दाबलेला होता.

प्रभू, इथे माझ्या बाजूला ब्रेकच नाही रे.

आता बाकावर मांडी घालून बसलोय, तरी पाय खाली जातोच. हे लिहिणं थांबवून त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवतो. हात जोडायला मोकळे राहणार नाहीत. आज एवढीच प्रार्थना जमतेय.

तुझा घाबरट मास्तर,
पप्पा