पडद्यावरचा पाटील

साखरखेर्डा,
ता. ४ मार्च १९६३

चि. सौ. कलाबाई हिस थोरला भाऊ उकंडराव याचा आशीर्वाद. तो रीतीपुरता आहे, असे समजावे.

इकडे तुझी वहिनी भिमाबाई व लेकरे बरी आहेत. माझी खुशाली मात्र तुझ्या नवऱ्याने ठेवलेली नाही.

गेल्या बाजाराला अब्दुल गनीचा सिनेमाचा तंबू आमच्या गावात उतरला होता. भुसावळहून स्वस्तात आणलेली इंग्रजी घोड्यांची चित्रे, तीही तीस वर्षांपूर्वीची, रेघोट्या पडलेली, मध्येच तुटणारी. अमेरिकेत ती केव्हाच अडगळीत गेली असतील. बोलणे कोणास कळत नाही, म्हणून आमचे जावई उत्तमराव पडद्याशेजारी भोंगा घेऊन उभे राहतात आणि गोष्ट समजावतात. चांगला शेतकरी माणूस उन्हाळाभर हे करतो, तेही मी आजवर पोटात घातले. माणूस घोड्यावर बसतो, गोळी झाडतो, दुसरा पडतो. यात लोकांना काय सापडते, देव जाणे. माझा सालदार मोट सोडून तेच चित्र पुन्हा पाहायला गेला.

या खेपेच्या चित्रात एक जमीनदार ओढ्याला काटेरी तार मारतो व गावची गुरे तहानेने मारतो. त्याला तंबूत 'पाटील' म्हटले गेले. नाल्यावरच्या डोहाला मी तार मारली आहे, हे उत्तमरावांना ठाऊक आहे. डोह माझ्या हद्दीत आहे. आता मी रस्त्याने निघालो की लोक ओट्यावर बसून जिभेने टापा वाजवतात. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली आहे.

उत्तमरावांनी चावडीवर येऊन सर्वांदेखत माफी मागावी. नाहीतर माहेरचे दार तुला बंद.

लोभ राहील की नाही, ते तुमच्या उत्तरावर.
उकंडराव


धाड,
ता. ११ मार्च १९६३

ती. दादास कलाचा नमस्कार. वाकून केलेला नाई.

तुमचं पत्र भेटलं. मी यायले, तुमच्या जावयाले, वाचून दाखवलं. यायचं म्हननं असं, का भोंग्यातून आपन त्याले नुसता मालक म्हनलो. पाटील हे नाव मागं बसलेल्या मानसायनं वरडून सांगतलं. दादा, भरल्या तंबूत सगळ्यायले एकाच टायमाले तुमीच काऊन आठवले, याचा जरा इचार करा.

त्या पिच्चरात लोकायले काय सापडते, थे मी सांगतो तुमाले. पयल्यांदा पाह्यलं तवा मलेही हसू आलं होतं. त्याच टेकड्या घडीघडी येतात. एका भांडनात मेलेला मानूस दुसऱ्या भांडनात टोपी बदलून पुन्हा मरते. पन थ्या टेकड्या आपल्यासारक्याच उघड्या हायेत, धूळ आपल्यासारकीच हाये. एक परका मानूस घोड्यावर येते, गाऱ्हानं ऐकून घेते, अर्ज मागत नाई, तारीख देत नाई. ज्यानं पानी अडवलं त्याले तंबू उठाच्या आत जबाब द्या लागते. असं आमी आमच्या जल्मात कुठं पाह्यलं? तेवढ्यासाठी मानसं गाड्या जुंपून येतात.

माफी भेटनार नाई. तार काढा, मंग लोक आपोआप चूप होतील. वयनीले माह्या नावानं कुंकू लावजा. तुमच्यासाठी सांगासारकं काई नाई.

कला


साखरखेर्डा,
ता. १७ मार्च १९६३

कलाबाईस,

तुझी अक्कल तंबूतच वाढलेली दिसते. बाजाराची जागा अब्दुल गनीला पुन्हा मिळणार नाही, अशी व्यवस्था मी केली आहे. उत्तमरावांना सांग, जीभ सांभाळून फिरावे. माझ्या माणसांना राग आलेला आहे आणि प्रत्येकाचा हात धरायला मी बसलेलो नाही.

उकंडराव


धाड,
ता. २६ मार्च १९६३

दादा,

मायना लिव्हासाठी हात उचलत नाई.

परवा इथंच खेळ चालू असताना कनातीबाहेरून दगड आला. यायच्या तोंडावर बसला. दात गेले, जबडा मोडला. बुलढान्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं कापडानं तोंड बांधून ठेवलं. आता नळीनं दूध पेऊन राह्यले. बोलाचं नाई म्हनते डॉक्टर, पावसाळ्यापर्यंत तरी नाई. ज्या मानसाच्या आवाजाले गावंच्या गावं जमत, थो मले पानी मांगाले हातानं खूण करते.

गनीभाई म्हने, तंबू गुंडाळून टाकतो. मी त्याले नाई म्हनलं. तुमी बाजाराची जागा बंद केली, तरी जब्बारचं वावर तुमच्या गावाले लागूनच हाये आन् त्यानं हाव म्हनलं. येत्या बाजाराले थेच पिच्चर साखरखेर्ड्यात दाखवनार हावोत. भोंगा मी धरनार. मी आजवर मानसायच्या मेळ्यात तोंड उघडलं नाई, मले भेव वाटते, पन येईन.

दगड मारनाऱ्याले सांगा, या खेपेस समोरून मार.

कला


साखरखेर्डा,
ता. ९ एप्रिल १९६३

कलाबाईस,

आशीर्वाद लिहिलेला नाही. हे माझे शेवटचे पत्र.

दगड माझ्या सालदाराने मारला. मी त्याला मार म्हटले नव्हते. मारू नको, असेही म्हटले नव्हते.

मी तंबूत आलो होतो. तू काय बोलतेस ते कानांनी ऐकून फिर्याद करावी, म्हणून तोंडावरून शेला घेऊन मागे कनातीशी बसलो. सुरुवातीला तुझा आवाज फुटेना. लोक हसले. मला बरे वाटले. मग पडद्यावर तार आली, आणि तू भोंग्यातून सांगितलेस की हा मालक बाहेरदेशचा नाही, ही तार माझ्या सख्ख्या भावाची आहे आणि मी ती तोडायला आले आहे. त्यानंतर कोणी हसले नाही.

सकाळी अर्धे गाव गुरे घेऊन डोहावर गेले. तार उपटून, गुंडाळून माझ्या दारात आणून टाकली. भिमाबाईने गोठ्यातली आपली म्हैस सोडली आणि माझ्यादेखत त्यांच्यामागे निघाली. ती मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. निवडणुकीचा अर्ज मी काढून घेतला. फिर्याद केलेली नाही.

माझ्या घरी येऊ नये. लग्नाकार्याला, मयतीलाही नाही.

तार गेली, पत गेली, ते मी सोसीन. दुसरेच एक सोसवत नाही. शेवटी तो घोडेस्वार पाठमोरा उभा होता आणि मालकाचा माणूस खडकाआडून त्याच्यावर नेम धरत होता. तू भोंगा खाली घेतला होतास. सांगायची गरजच उरली नव्हती. सारा तंबू उठून ओरडू लागला, की मांगं पाह्य बे, मांगं पाह्य. शेजारचा माणूस वळून माझ्याकडे पाहत राहिला, तेव्हा माझ्या लक्षात आले की शेला कधीच गळून पडला आहे, मी उभा आहे, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझाच आहे.

हे मी तुला कधीही माफ करणार नाही.

उकंडराव