तोंडातलं च्युइंगम

भाटघर, मंगळवार, १९६८

माझी मिश्री सुटावी म्हणून दादानं पुण्याहून च्युइंगम आणलं. "दात वाचतील. पण गिळू नकोस, आतडी चिकटतात," म्हणाला.

आज चुलीपाशी गुपचूप चघळत होते, तोच सासूबाई आल्या. "चोरून काय खातीस गं? डोहाळं लागलं व्हय?"

तोंडात ते च्युइंगम. बोलू कशी? मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले. लग्नाला सहा वर्षं झाली, त्या रडल्याच! "आता मिश्रीला हात लावायचा न्हाई," म्हणाल्या आणि आळीभर सांगूनही आल्या.

आता नाही कसं म्हणू? उद्या माझ्या आईला आणायला माणूस जातोय.

मेलं ते च्युइंगम! गिळून टाकलं असतं तर काय, आतडीच चिकटली असती ना?