सही माहीच लागते

सिंदी मेघे, मंगळवार

आईले सुरभीचा नमस्कार.

मी बरी आहो, घोर करू नको. फोन तू स्पीकरवर लावतं, म्हणून लिहून राह्यली.

मले पुन्हा दिवस गेलते. लहान्याचं दूध अजून सुटलं नाई, म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, आता नको. दवाखान्यात गेलो तर डॉक्टरीणबाई म्हणे, "नवऱ्याची सही आणा."

"काऊन? कायद्यानं माहीच सही लागते."

"लई शिकली का तू?" साऱ्या बायांसमोर हसली!

हे सही कराले उठलेच होते. मी म्हटलं, "बसा तुम्ही." अन् तिले म्हटलं, "नाई म्हणता तं लेखी द्या." दोन तास बाकावरून हटली नाई. मंग कुठं संमतीचा कागद आला. माह्या एकटीच्या सहीवर गोळ्या भेटल्या. आता तब्येत चांगली आहे, पण राग उतरत नाई.

माह्या बाजूले आपल्या अल्लीपूरचीच मोहिनी बसली होती, पुंडलिकरावची सून. नवरा सही देत नाई म्हणून ती माह्या आधीच रडत परत गेली. मी तिले थांबवलं नाई.

तू तिले एकटीले गाठून सांगजो का सही तिचीच लागते, सासूसमोर बोलू नको. लाजू नको, आई. तिचे दिवस वाढून राह्यले. तिले घेऊनच येजो, मी सोबत बसतो.

तुही,
सुरभी