अहो म्हणणारी मुंगी

४ मार्च

कान ठीक आहेत! दोन्ही! मुंगीला सगळं ऐकू येतं!

काचेच्या खोलीत पोरगी हिच्या मांडीवर बसली होती. मी बाहेर, काचेला नाक चिकटवून. तपासणाऱ्या बाईंनी उजवीकडून आवाज सोडला — मला अर्थात ऐकू आला नाही — आणि मुंगीने मान वळवली. मग डावीकडून. पुन्हा वळवली! ही नंतर सांगत होती, शेवटचे आवाज इतके बारीक होते की तिलाच भास वाटले. मुंगीची मान मात्र एकदाही चुकली नाही. मी बाहेर चक्क उडी मारली. शिपायाने हटकलं.

स्कूटरपाशी आलो आणि ही रडायला लागली. "ऐकू येतं, मग बोलत का नाही हो ती?"

पण कान ठीक आहेत. आजच्या दिवसाला एवढं पुरे.

७ मार्च

ताईचा फोन. म्हणे मीही लहानपणी कितीतरी उशिरा बोललो, आणि एकदा तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. स्पीकर चालू होता. हिला हसू आलं नाही. मुलीला अडीच वर्षं उलटून गेली, हवं ते आपला हात धरून ओढत नेऊन दाखवते, तोंडातून फक्त 'अं अं' — नुसती वाट बघत बसायचं नाही, म्हणाली.

बरोबर आहे तिचं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंची वेळ घेतली.

११ मार्च

बाईंच्या खोलीत टेबल नाही, खुर्ची नाही. एक सतरंजी आणि उंच फळीवर खेळणी. बाई स्वतःच मांडी घालून खाली. म्हणाल्या, घरी खेळता तसं खेळा.

मी सुरू झालो. हा कोण? हत्ती! हत्ती केवढा? सोंड कुठे? आणि हा? घोडा! घोडा कसा पळतो? मुंगी खिडकीकडे बघत बसली. बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाल्या, "बाबा, तुम्ही तिला बोलायला जागाच ठेवत नाही."

मी गार.

त्यांनी सांगितलं — परीक्षा घेऊ नका. ती जे बघते ते तुम्ही बघा. त्याबद्दल एखादा शब्द बोला आणि थांबा. खरंच थांबा. मुंगीला समजतं पुष्कळ, डोळ्याला डोळा भिडवते, ही चांगली लक्षणं. पण दर आठवड्याला यायचं, आणि पुढचं आत्ताच काही ठरवून सांगणार नाही.

"हे थांबणार?" असं म्हणून ही जी हसायला लागली! कितीतरी दिवसांनी हसली. त्यासाठी तरी थांबायला तयार आहे मी.

१२ मार्च

गप्प बसलो. डोकं ठणकतंय. पोटात शब्दांचा नुसता गोळा झालाय.

१६ मार्च

रविवार. मुंगी कपड्यांचे चिमटे सोफ्याखाली ढकलत होती. एरवी मी म्हटलं असतं, अगं किती चिमटे, रंग कोणता. आज तिच्याशेजारी पालथा पडलो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जमिनीवर लोळायचं काय कौतुक! सोफ्याखाली तिचा अख्खा संसार आहे. चिमट्यांची रांग, चमचा, अर्धं बिस्किट, माझा हरवलेला टेस्टर.

एक चिमटा ढकलला. म्हटलं, "गेला." आणि थांबलो.

तिने एक ढकलला. माझ्याकडे पाहिलं. मी तोंड दाबून धरलेलं. आणि तिचे ओठ हलले! आवाज नाही, पण हलले! मी पाहिलं!

ही म्हणते, उगाच मनाचे खेळ नकोत. नाहीतच मुळी.

२३ मार्च



सकाळी दाढी करत होतो, न्हाणीघराचं दार लावलेलं. बाहेरून बारीक आवाज — "अहो!"

वाटलं, ही आवाज बदलून थट्टा करतेय. म्हटलं, काय गं? तर पुन्हा, दारावर थाप मारून — "अहो!" थाप गुडघ्याच्या उंचीवर पडली. दार उघडलं. खाली मुंगी! आणि ही गॅलरीत, दोरीपाशी, तोंडात दोन चिमटे. हिने बोलणं शक्यच नाही!

पोरगी मला 'अहो' म्हणाली! अर्ध्या गालाला साबण तसाच, उचलून घरभर नाचलो. हिच्या तोंडातले चिमटे पडले. मुंगीने साबण चाखला आणि थुंकली.

२४ मार्च

हिने रात्रीची भांडी जरा जास्तच आवाज करत घासली होती. आज विचारलं तेव्हा बोलली. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून येते, आल्यापासून मुंगी तिच्याच कडेवर. "आणि पहिली हाक तुम्हाला."

मी म्हटलं, अगं, ती माझी हाक कुठली, तुझीच आहे. दिवसातून शंभरदा तूच मारतेस. ती नुसती तुझ्यासारखं बोलली.

ही म्हणाली, मी असं ओरडते?

२८ मार्च

बाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, घरात जे शब्द कामाला येतात तेच मूल उचलतं. तुम्ही एकमेकांना 'आई', 'बाबा' म्हणा.

झालं! आता मी बायकोला म्हणतो, आई, चहा टाकू? आणि ती भर दुकानातून, गिऱ्हाइकांसमोर, फोनवर — बाबा, दूध आणा. तिच्यासोबत कामाला असलेली मुलगी म्हणाली, वडील इकडे राहायला आलेत वाटतं.

५ एप्रिल

लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावत होतो. फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास. मी घाबरलो. मग ही म्हणाली, "आई म्हणाली. माझ्याकडे बघून."

मी एवढ्याने ओरडलो की वरच्या जोडीदाराला वाटलं मी चिरडलो. बिचारा मेन स्विच पाडून जिने उतरत धावत आला. खड्ड्यात मी हसतोय आणि रडतोय. त्याला सांगितलं तर तोही खाली बसला. म्हणाला, लेका, आधी माझी छाती धडधडायची थांबू दे.

१४ एप्रिल

मुंगीला ताप. एक शब्द नाही.

२० एप्रिल

ताप उतरला. शब्दही उतरले. पुन्हा हात धरून ओढणं, 'अं अं'. आज 'गेला' म्हणून थांबलो, थांबलो, थांबलो. ती उठून निघून गेली.

काय हरवलं आमचं? मी खचलो होतो. हिने माझ्या हातातला चिमटा घेतला आणि स्वतः जमिनीवर आडवी झाली. "कुठे जात नाहीत शब्द," म्हणाली. "दमलीये ती. तुम्ही पण दमलाय. सरका."

२६ एप्रिल

"नको!"

टॉनिकचा चमचा पुढे केला तर — "नको!" स्पष्ट! आम्ही इतके खूश की टॉनिक तसंच राहिलं.

३ मे

धबधबा! दे. ये. गेला. पाणी म्हणजे 'पापी'. जोडून पण — "आई ये"! बाई म्हणाल्या, अजून पुष्कळ पल्ला आहे, येत राहा. येणारच!

मी मात्र अजून 'अहो'. वाण्याच्या दुकानात मागून हाक आली, "अहो!", चार बाप्ये वळले. लोक हसतात, मीही हसतो. हिला सांगितलं, मला काही वाटत नाही.

वाटतं थोडं.

९ मे

संध्याकाळी घरी आलो तर दूध सांडलेलं, फरशीभर. पेला मुंगीच्या हातात, फ्रॉक ओला, पायाखाली थारोळं. हिने विचारलं, कोणी सांडलं?

मुंगीने पेल्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मी अजून बूटसुद्धा काढले नव्हते.

"बाबा," ती म्हणाली.

माझी मुलगी खोटं बोलली! "हो," मी म्हटलं, "मीच सांडलं." आणि फडकं आणायला गेलो.