कोबीतलं झुरळ

३ ऑगस्ट, सोमवार
शनिवारी इथे लिहिलं ते चूक. फवारलेल्या कोबीत तेवीस प्रकारचे किडे नाहीत. चार आहेत.

उरलेले एकोणीस आईचे!

खुरपायला गेली तेव्हा किडे पकडायला मातीत पुरलेले माझे पेले तिला रिकामे दिसले. "एवढी शिकलीस, आणि हाती काय, तर साबणाचं पाणी? जीव तुटला गं." मग घरामागच्या वेलावरून, दिव्याखालून, धान्याच्या डब्यातून जमेल तेवढं आणून टाकलं. आणि मी विदुषी! पेल्यात झुरळ निघालं, तर शेरा मारला — "बहुधा स्थलांतरित." घरातली पहिली पदवीधर म्हणतात ती हीच.

४ ऑगस्ट, मंगळवार
कचेरीतले साहेब खूश. "नवं औषध मारूनही तेवीस! म्हणजे निरुपद्रवीच की. तेराला गुरुवारी शेतकऱ्यांच्या सभेत तुमचाच तक्ता लावू, मॅडम." सभेनंतर तेच औषध गावोगाव वाटणार.

मी म्हटलं, "हो सर."

कणा नसलेल्या प्राण्यांवर काम करायला मला उगीच नाही घेतलं.

५ ऑगस्ट, बुधवार
तक्ता रंगवला. झुरळाचा चौकोन तपकिरी. छान दिसतो.

७ ऑगस्ट, शुक्रवार
शेजारचे काकडीवाले काका बांधावर भेटले. "औषध चांगलं म्हणतात, तूच मोजलंयस. मारू का? फुलं आहेत म्हणून थांबलोय."

"थोडं थांबा, काका."

"मी थांबेन गं. अळी थांबते का?"

फुलांवर मधमाश्याच आल्या नाहीत तर काकडी धरणार कशी? साहेब येतील बहुतेक, फुलाफुलावर बसायला. हे मी काकांना सांगितलं का? छे! घरी येऊन वहीला सांगतेय. केवढं हे धैर्य!

९ ऑगस्ट, रविवार
आईला म्हटलं, खरं सांगावं लागेल. नोकरीही जाईल कदाचित.

"सांग की. आई अडाणी आहे म्हणावं, तिनं घोळ घातला."

अडाणी म्हणे! एकोणीस प्रकार तिनं एका संध्याकाळी शोधले. मला दोन दिवसांत चार.

१० ऑगस्ट, सोमवार
सहज विचारलं, "एकदाच टाकलेस ना?"

"गेल्या वर्षीपण. तुझ्या परीक्षेच्या कामात. रडत होतीस तेव्हा."

त्याच आकड्यांवर ही नोकरी मिळाली.

साहेबांना सांगायचं: बुधवार, १२ ऑगस्ट. सकाळी साडेदहा, कचेरी उघडताच. दोन्ही वर्षांच्या वह्या घेऊन.